अटी कागदावर, ढिगारे नदीकाठी

मुळशी तालुक्यातील महाळुंगे हे मुळेच्या काठचे जुने शेतकरी गाव. २०२१ मध्ये ते पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले, आणि जेथे ज्वारी डुलत होती तेथे आज वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. या इमारतींत पाणी पंपाने चढते, माणसे लिफ्टने चढतात, आणि जिन्यातले दिवे रात्रभर जळत असतात. आमच्या खोलीतला दिवा नेमक्या कोणत्या केंद्रातील विजेवर जळतो हे कोणालाच सांगता यायचे नाही. तारांच्या जाळ्यात सगळी वीज एक होऊन जाते. परंतु त्या जाळ्यात ओतल्या जाणाऱ्या विजेचा फार मोठा वाटा कोळशाचा आहे, आणि त्या कोळशासाठी चंद्रपूर, वणी, राजुरा, भद्रावती या भागांतील जमीन उलथीपालथी होत आहे, एवढे निश्चितपणे सांगता येते.

याच नदीच्या वरच्या अंगाला, १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यातील मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट यांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले. वीज मुंबईला गेली, पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला गेले आणि पन्नासच्या आसपास गावे बुडिताच्या छायेत आली. त्या लढ्यातील एक गोष्ट मात्र आपण फारशी उगाळीत नाही. जमिनीचे कागदोपत्री मालक असलेले पुण्याचे बरेचसे सावकार रोख नुकसानभरपाईवर राजी झाले, आणि जमीन प्रत्यक्ष कसणारा मावळा एकटा पडला. शहराला वीज हवी असते, मधल्याला मोबदला हवा असतो, आणि कसणाऱ्याला जे हवे असते ते तिसऱ्याच कोणाच्या तरी सहीने जाते. शंभर वर्षांनंतर कोळशाच्या खाणींच्या बाबतीत हे गणित कितपत बदलले आहे?

उघडी खाण म्हणजे काय, हे शहरातील वाचकाने आधी नीट समजून घेतले पाहिजे. भूमिगत खाणीत माणूस बोगद्याने कोळशापर्यंत जातो. उघड्या खाणीत कोळशावरची सगळी जमीनच काढून टाकतात. आधी झाडे, मग काळी माती, मग मुरूम, मग खडक. वर्धा खोऱ्यात एक टन कोळसा हाती यायचा तर त्यावरची चार-पाच घनमीटर दगडमाती उचलून दुसरीकडे टाकावी लागते. ‘दुसरीकडे’ हा शब्द अहवालांत फार सहज येतो. प्रत्यक्षात ते दुसरीकडे म्हणजे कोणाचे तरी शेत, गावाचे गायरान किंवा नदीचा काठ असतो. वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कंपनी वर्षाला सुमारे सात कोटी टन कोळसा काढण्यापर्यंत पोहोचली आहे. त्यावरून या ढिगाऱ्यांच्या डोंगरांची कल्पना करावी. चंद्रपूरजवळ इरईचे पात्र या ढिगाऱ्यांनी आवळले गेल्याची तक्रार तेथील नागरिक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. २०१३ च्या आणि पुन्हा २०२२ च्या पावसाळ्यात त्या शहरातील वस्त्यांत पुराचे पाणी शिरले. ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजते, त्या बाभळीत वाघ-बिबटे आसरा घेतात, आणि मग वर्तमानपत्रांत ‘वाघ शहरात आला’ अशी बातमी येते. वाघ कुठेच आलेला नसतो. शहर आणि खाण त्याच्या दाराशी गेलेली असतात.

पाण्याचेही तेच. शंभर-शंभर मीटर खोल खड्डा हा भोवतालच्या शिवारातील सर्वांत मोठी विहीर ठरतो. आजूबाजूचे भूजल त्याच्याकडे ओढले जाते, आणि ते पंपाने उपसून टाकल्याखेरीज कोळसा काढता येत नाही. खाणीत पाणी साचते म्हणून ते फेकायचे आणि गावात विहीर आटली म्हणून टँकर मागवायचा, असा हा संसार आहे.

खाणीला परवानगी देण्याची एक कायदेशीर चौकट आपल्याकडे आहे, आणि ती लहान नाही. १९८० चा वनसंवर्धन कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, त्याखाली १९९४ साली निघालेली पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना, १९९७ मध्ये सक्तीची झालेली जनसुनावणी, १४ सप्टेंबर २००६ ची सुधारित अधिसूचना आणि त्याच वर्षीचा वनहक्क कायदा. यांतील प्रत्येक कलमामागे कोठल्या तरी गावाची झीज आहे. परंतु या चौकटीचा पायाच कच्चा आहे. परिणामांचा अभ्यास करणारा सल्लागार खाण काढणाराच नेमतो आणि त्याचे पैसेही तोच देतो. परीक्षार्थ्याने परीक्षकाला मानधन द्यावे अशी व्यवस्था आमच्या अध्यापनाच्या काळात विद्यापीठात कोणी सुचविली असती, तर त्याला वेड्यात काढले असते. येथे मात्र ती राजरोस चालते.

काही वर्षांपूर्वी वर्धा खोऱ्यातील एका जनसुनावणीस आम्ही श्रोता म्हणून गेलो होतो. गावाचे वा कंपनीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण नावे बदलली तरी दृश्य तेच राहते. मांडव चांगला होता, पोलीस भरपूर होते. मूळ अहवाल इंग्रजीत, जाडजूड. मराठीत केवळ सारांश, आणि नियमही तेवढेच मागतो. सल्लागाराने पडद्यावर आलेख दाखविले. एक वयस्क बाई उठल्या आणि त्यांनी विचारले, “साहेब, माही विहीर आटली त मले पानी कोन देईन? अन् किती वर्सं देईन?” उत्तर मिळाले की नियमानुसार योग्य ती उपाययोजना करण्यात येईल. इतिवृत्तात नोंद झाली: ‘ग्रामस्थांनी पाण्याविषयी सूचना केली.’ बाईंनी सूचना केली नव्हती. त्यांनी हिशेब विचारला होता, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्या सबंध सभेतील तोच एक खरा प्रश्न होता.

ही सुनावणीदेखील अलीकडे जड वाटू लागली आहे. २०१७ मध्ये केंद्राने चालू कोळसाखाणींना ठरावीक अटींवर चाळीस टक्क्यांपर्यंतची उत्पादनवाढ नव्या सुनावणीवाचून करण्याची वाट मोकळी केली. मे २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईचे निमित्त होऊन ती मर्यादा पन्नास टक्क्यांपर्यंत नेण्यात आली. गावाने एका खाणीला होकार वा नकार दिला असेल. दीडपट खाणीविषयी त्याला कोणी विचारलेलेच नसते. मंजुरीवाचून काम सुरू करून मागाहून मंजुरी मिळविण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी बेकायदा ठरविली तेव्हा आम्हांस समाधान वाटले होते. त्याच न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२५ रोजी बहुमताने तो निर्णय मागे घेतला. जमिनीचे तर विचारूच नये. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास या दोन मोठ्या गोष्टी आणल्या, पण कोळशासाठीचा १९५७ चा स्वतंत्र संपादन कायदा त्या दोन्हींच्या कक्षेबाहेर ठेवला. मोबदल्याचे दर सुधारले. ‘नको’ म्हणण्याचा अधिकार मिळाला नाही.

आता थोडे हिशेबाचे. खाण संपल्यावर जमीन पुन्हा नीट करण्यासाठी कंपनीने पैसे बाजूला ठेवावेत, असा नियम कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये केला. उघड्या खाणीसाठी दर ठरला हेक्टरी सहा लाख रुपये. पुढे तो वाढविण्यात आला. एक हेक्टर जमीन शंभर मीटर खोल खणली की दहा लाख घनमीटरांचा खड्डा होतो. सहा लाखांना दहा लाखांनी भागले की घनमीटरमागे साठ पैसे येतात. खाण चालू असतानाच काही भराव करणे अपेक्षित असते आणि ही रक्कम महागाईनुसार वाढत जाते, हे मान्य करू. दर दुप्पट धरला तरी तो सव्वा रुपयाच्या आतच राहतो. एवढ्या पैशात काळी माती परत जागेवर येऊन तीवर कापूस उभा राहील, यावर कोणता शेतकरी विश्वास ठेवील? के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्येच दाखवून दिले होते की, उद्योगाचा जो खर्च त्याच्या हिशेबवहीत चढत नाही तो नाहीसा होत नाही. तो कोणा तिसऱ्याच्या अंगावर पडतो. चंद्रपूर जिल्ह्यात तो विहिरीवर, घराच्या तडकलेल्या भिंतीवर आणि छातीवर पडतो. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर जुन्या भूमिगत खाणीच्या पोकळीत गडप झाले. खाण बंद झाली म्हणजे तिचा हिशेब बंद झाला असे नव्हे.

येथे आपल्या पक्षाने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. १९७३ साली कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा समाजवाद्यांनी त्याचे स्वागत केले, आणि ते रास्तच होते. खासगी मालकांच्या खाणीत मजुराचे जे हाल होते ते ज्यांनी पाहिले त्यांना त्या स्वागताविषयी आजही खेद वाटणार नाही. परंतु मालक बदलला की धूर आपोआप कमी होईल, नदी आपोआप सांभाळली जाईल, असे आपण गृहीत धरले, ती आपली चूक होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची गुणवारी केली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथ्या क्रमांकाचे प्रदूषित क्षेत्र ठरले, आणि तेथील खाणींत सरकारी कंपनीचाच वरचष्मा होता. जानेवारी २०१० मध्ये नव्या प्रकल्पांवर स्थगिती आली. पुढे कृती आराखडे सादर झाले आणि ती उठली. शिवाय सार्वजनिक क्षेत्र म्हणावे तर दगडमाती उचलण्याचे काम आता बव्हंशी कंत्राटदारांकडे आहे. डंपर चालविणारा मुलगा कायम कामगाराच्या शेजारी तीच धूळ खातो, पण त्याला ना कायम कामगाराचा पगार, ना त्याचा दवाखाना. आणि १८ जून २०२० पासून व्यापारी खाणकामासाठी लिलाव सुरू झाल्याने खासगी मालक पुढल्या दाराने परतला आहे.

नकार देता येतो, हेही या जिल्ह्यानेच दाखविले आहे. ताडोबाजवळच्या लोहारा येथील खाण अदानी उद्योगसमूहाच्या तिरोडा वीजकेंद्रासाठी ठरली होती. चंद्रपुरात तिच्याविरुद्ध आंदोलन झाले, उपोषणे झाली, आणि जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना २००९ च्या अखेरीस मंत्रालयाने तिची वाट बंद केली. चिमूर तालुक्यातील बंदर हा कोळशाचा पट्टा २०२० मध्ये लिलावाच्या यादीतून गाळावा लागला. दोन्ही ठिकाणी व्याघ्रप्रकल्प आणि त्याचे संचारमार्ग मदतीस आले. यात आनंदच आहे. पण ज्या गावाच्या शेजारी वाघ नाही, फक्त माणसे आहेत, त्या गावाने कोणाचा आधार घ्यावा? भद्रावती तालुक्यातील बरांजच्या लोकांना हे विचारावे. त्यांच्या जमिनीखालचा कोळसा कर्नाटकातील वीजकेंद्रासाठी गेला. खासगी भागीदारीतील ती खाण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे २०१५ मध्ये बंद पडली, काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली, आणि गावाचे पुनर्वसन या सर्व घडामोडींत रेंगाळतच राहिले.

आमचे काही साथी विचारतील की वीज नको काय? हवी. आणखी काही वर्षे कोळसाही लागेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे केंद्र उद्या बंद करा असे आम्ही म्हणत नाही. तेथील कामगाराच्या चुलीचा प्रश्न आमचाच आहे. आमचा आग्रह क्रमाविषयी आहे. ज्या कंपनीने आधीच्या खाणीच्या अटी पाळल्या नाहीत, तिच्या नव्या खाणीचा अर्ज विचारातच घेऊ नये. परिणामांचा अभ्यास करणारा तज्ज्ञ सरकारी निधीतून, कंपनीचा हात न लागता नेमला जावा. विहिरींची पातळी खाण सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेसमोर मोजून लिहून ठेवावी, म्हणजे आटल्यावर कोणी पावसाला दोष देणार नाही. संपूर्ण अहवाल मराठीत असावा. यांत क्रांतिकारक असे काय आहे? आणि तरीही यांतील एकही गोष्ट आपण होऊन घडणार नाही.

विदर्भातील कार्यकर्त्यांना म्हणून एक साधे काम सुचवावेसे वाटते. प्रत्येक खाणीच्या मंजुरीपत्रात अटी लिहिलेल्या असतात आणि त्या पत्राची प्रत ग्रामपंचायतीस मिळावयास हवी. त्या अटींच्या पालनाचा अहवाल कंपनीने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी द्यावयाचा असतो. ही दोन्ही कागदपत्रे माहितीच्या अधिकाराखाली मिळविता येतात. ती मिळवा, मराठीत करा, चावडीवर मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक अटीला गावकऱ्यांना विचारा: झाडे लावली असे म्हणतात, ती कुठे आहेत? रस्त्यावर पाणी मारतात असे म्हणतात, ते कधी मारले? सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी खणलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवण्याची अट घालावी असा आदेश दिला आहे. आपल्या ढोरांना ते गवत मिळते काय, हे गुराख्याइतके नेमके कोण सांगू शकेल? मिळालेली उत्तरे लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्यावीत आणि पोच घ्यावी.

आणि पुण्याकडच्या साथींनी या वाचनाला एकदा तरी चंद्रपूरला जावे. रात्रीच्या गाडीने निघावे. सकाळी उतरल्यावर प्रथम खाण दाखवा असे म्हणू नये, इरईच्या काठाने चालत जावे. ढिगारे आपोआप दिसतात.