मुलींच्या मंडळाला अधिकार हवेत

बंगळुरूतील हेब्बाळच्या तळ्याभोवती आज उड्डाणपुलांचे जाळे पसरले असले, तरी तेथील माध्यमिक शाळांत शिकणाऱ्या मुलींना निर्भयपणे बोलण्याचा सराव मिळावा यासाठी समतेचे मंडळ असणे अगत्याचे आहे, असे मी अंतःकरणपूर्वक म्हणतो. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’ने छापला, प्रस्थापितांस जाब विचारण्याचे ते धैर्य त्या कोवळ्या वयात शाळेनेच जोपासले होते. कर्नाटकाने तर १९८३ च्या कायद्याने पंचायतींत स्त्रियांसाठी चतुर्थांश जागा राखल्या, पुढे ते प्रमाण निम्म्यावर गेले. परंतु त्या जागेवर बसून ठराव मांडण्याची तालीम कोठे व्हावी? ८ मार्चच्या महिला दिनाच्या भाषणांपुरते मंडळ मला निरर्थक वाटते. त्याचे स्वतंत्र दप्तर असावे, वेळापत्रकात हक्काचा तास असावा, तक्रारींस मुख्याध्यापकांनी मुदतीत लेखी उत्तर द्यावे, आणि मुलगेही सभासद असावेत, कारण घरकामाची वाटणी त्यांच्यावाचून बदलणार नाही. हेब्बाळमधील मराठी पालकांनी येत्या पालकसभेत या मागणीचा रीतसर अर्ज अवश्य दाखल करावा.