मौलाना आझाद : फोटोला हार, पण पत्रकाराचा विसर?

11 नोव्हेंबर आला की शाळांमध्ये मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या फोटोला हार घातला जातो. 2008 पासून हा दिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. मुलं भाषणात 'देशाचे पहिले शिक्षणमंत्री' एवढं वाक्य पाठ म्हणतात आणि कार्यक्रम संपतो. पण मौलाना मंत्री होण्याच्या कितीतरी आधी पत्रकार होते, हे आपल्या विरार-नालासोपाऱ्यातल्या किती मुलांना माहीत आहे?

1903 मध्ये, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यांनी 'लिसान-उस-सिद्क' हे मासिक काढलं. नावाचा अर्थच सत्याची जबान! 1912 मध्ये कलकत्त्यातून 'अल-हिलाल' हे साप्ताहिक सुरू झालं. मुसलमानांनी इंग्रजांची भीती सोडावी आणि हिंदू बांधवांसोबत आझादीच्या लढ्यात उतरावं, हे त्यांनी उघडपणे लिहिलं. सरकारने प्रेस कायद्याखाली 2 हजार रुपये जामीन मागितला, तो जप्त केला आणि पुन्हा 10 हजार मागितले. 1914 मध्ये 'अल-हिलाल' बंद पडलं. मौलानांनी वर्षभरात 'अल-बलाग' काढलं. मग 1916 मध्ये त्यांना बंगालमधूनच हद्दपार करून रांचीत नजरकैदेत ठेवलं.

कलम थांबलं तेव्हा या माणसाने काय केलं? रांचीतच 1917 मध्ये अंजुमन इस्लामिया आणि मदरसा उभा केला. लोकांना जागं करायचं तर वर्तमानपत्र हवं आणि ते वाचण्यासाठी शिक्षण हवं, असा हा सरळ हिशोब होता.

आज त्याच नावाचं काय चाललंय? संशोधक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर 2022 मध्ये बंद झाली. पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही त्याच वर्षी थांबली. 1989 मध्ये स्थापन झालेलं मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश फेब्रुवारी 2024 मध्ये निघाला. नववी ते बारावीच्या मुलींची बेगम हजरत महल शिष्यवृत्ती हेच फाउंडेशन देत होतं. पहाटेची लोकल पकडून कामाला जाणाऱ्या बापासाठी ती रक्कम वह्या-पुस्तकांचा आधार होती. 2023 मध्ये अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातूनही मौलानांचा उल्लेख वगळल्याची बातमी आली.

सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण थोडा सवाल स्वतःलाही करू या. आपल्या घरात रोज एक तरी वर्तमानपत्र येतं का? मुलगी पत्रकार व्हायचं म्हणाली तर आपण 'हो' म्हणू का? राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडून शैक्षणिक कर्ज मिळतं, त्याची चौकशी आपल्यातल्या कितींनी केली?

येत्या 11 नोव्हेंबरला शाळेत हार जरूर घाला. त्यासोबत मुलांच्या हातात कोरा कागद द्या आणि म्हणा, आपल्या गल्लीतला एक खरा प्रश्न लिहा. पाणी, रस्ता, गटार, काहीही. मौलानांना हीच खरी खिराज-ए-अकीदत ठरेल.