चाकरी मिळाली, पण राहायचे कुठे?

पोलीसभरतीची जाहिरात निघाली की आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यांत एकच धांदल उडते. कन्नडपासून पैठणपर्यंत पोरे पहाटे उठून सडकेवर धावू लागतात; बाप दावणीची शेळी विकून शिकवणीची फी भरतो. सोळाशे मीटर किती मिनिटांत पळावयाचे, गोळा किती लांब गेला पाहिजे, लेखी परीक्षेच्या शंभर गुणांपैकी किती पडले म्हणजे यादीत नाव लागते, हा हिशेब घरातल्या म्हातारीलाही पाठ झालेला असतो. पण निवड झाली तर पोर राहणार कुठे, हे मात्र कोणी विचारीत नाही. ‘सरकार बघून घेईल’ असे म्हणून मंडळी मोकळी होतात. आमचे म्हणणे असे की, राहण्याची जागा हा चाकरीचा अर्धा भाग आहे. आणि हा अर्धा भाग सरकार नव्हे, आपणच, अर्ज भरण्याच्या दिवशी ठरवून टाकतो.

ही गोष्ट नीट समजून घ्या. पोलीस शिपायाची भरती साऱ्या राज्याची मिळून एक होत नाही. ती घटकवार होते. छत्रपती संभाजीनगर शहराचे आयुक्तालय हा एक घटक, ग्रामीणचे अधीक्षक हा दुसरा, मुंबईचे आयुक्तालय हा तिसरा. लोहमार्ग पोलीस आणि राज्य राखीव दल ही आणखी निराळी. ज्या घटकात माणूस शिपाई म्हणून लागतो, त्यातच बहुधा त्याची उमर जाते. दुसऱ्या जिल्ह्यात बदली मागता येते, पण ती सहज मिळत नाही, आणि मिळाली तरी ज्येष्ठतेच्या यादीत तळाशी बसावे लागते. २०२४ च्या भरतीत एका पदासाठी एकच अर्ज करावयाचा होता. १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज आले. अशा गर्दीत पोर म्हणतो, मुंबईला जागा जास्त, टाकू मुंबईचाच अर्ज. त्या घटकेला त्याने आपले, बायकोचे आणि अजून जन्मास न आलेल्या लेकरांचेही गाव बदललेले असते. सोयरीक जुळवावयाची तर आम्ही चार गावे हिंडून चौकशी करतो. आणि जन्माची वस्ती मात्र तालुक्याच्या दुकानात, मागचा माणूस ढकलीत असताना, पाच मिनिटांत ठरवितो!

आमच्या आजोबांना मुंबई हा खरोखरीच परमुलूख होता. १९४८ पर्यंत औरंगाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मनमाडकडे गाडी गेली की मोगलाई सुटे, इंग्रजी लागे. हाली रुपया मागे राही. आमच्या खेड्यांची सरकारदरबारची वाट हैदराबादकडे जात होती. कोकणातला आणि घाटावरचा शेतकरी त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत शिरला, आणि शिरताना त्याने एक शहाणपण केले. गावकऱ्यांनी मिळून एक खोली घेतली, महिन्याची वर्गणी बांधली, आणि गावाहून येणाऱ्या नव्या माणसाला पाठ टेकायला जागा करून ठेविली. नोकरी मिळो न मिळो, गावकीच्या खोलीत त्याची वळकटी ठेवायला कोपरा असे. आमच्या भागाला ही वहिवाट लागली नाही. म्हणून जून २०२४ मध्ये मैदानी चाचणीला गेलेली खेड्यांतली मुले मुंबईत पावसात पुलाखाली आणि पदपथावर निजली. ज्यांच्या हाती उद्या शहराची राखण द्यावयाची, त्यांना एका रात्रीचे छप्पर नव्हते.

आता पगाराचा हिशेब मांडू. शिपायाचा मूळ पगार २१,७०० रुपयांपासून सुरू होतो. मुंबईत सरकारी खोली न मिळाल्यास घरभाडेभत्ता मिळतो. तो मूळ पगाराच्या तीस टक्के धरला तरी ६,५१० रुपये होतात. एवढ्या पैशांत मुंबई शहरात बायकामुलांसह राहण्याजोगी जागा मिळत नाही. मग माणूस कल्याण, बदलापूर, विरार असा मागे मागे सरकतो. बदलापूर मुंबईच्या मोठ्या स्थानकापासून सुमारे अडुसष्ट किलोमीटर. जायला दीड तास, यायला दीड तास. मे २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तो मुळात एका शिपायाच्याच सूचनेवरून, हे अभिमानाने सांगावे असे आहे. परंतु सण, मोर्चा, निवडणूक आली की घड्याळ बाजूला राहते. बारा तासांचा बंदोबस्त आणि तीन तासांची लोकल. उरलेल्या वेळात झोपावे किती, आणि लेकराचे तोंड पाहावे केव्हा?

सरकारी लाईनीतली खोली मिळाली तर ती आनंदाने घ्यावी; पण ती आपली नव्हे, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे. १९२० ते १९२५ च्या दरम्यान बांधलेल्या वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत पोलिसांची कितीतरी कुटुंबे एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. संडास मजल्यावर सामाईक. माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला की खोली सोडण्याची नोटीस दारात. बाहेर जावे तर मुंबईत परवडेना, गावी परतावे तर तिकडचे घर पडलेले. त्या लोकांनी लढा दिला, तेव्हा कोठे २०२२ मध्ये पंधरा लाख रुपये भरून नव्या इमारतीत पाचशे चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. सगळ्यांच्या नशिबी अशी चाळ नसते. म्हणून आमचा सल्ला असा की, पहिल्या पगाराच्या धुंदीत रान विकून मुंबईकडे सदनिकेचा बयाणा देऊ नका. रान हीच तुमची निवृत्तीनंतरची खोली आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे खरे. पण अंथरूणच विकून टाकू नये.

यापेक्षा मोठी गोष्ट जातीची. राहायला जागा नाही म्हणून चाकरी कशी जाते, हे पाहावयाचे असेल तर १९१७ साल आठवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून बडोदे संस्थानात नोकरीवर रुजू झाले. विद्या होती, हुद्दा होता, खुद्द महाराजांचा आधार होता. पण अस्पृश्य म्हणून साऱ्या शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले. दिवस एका बागेत काढून रात्रीच्या गाडीने त्यांना मुंबईस परतावे लागले. शंभर वर्षे उलटली, तरी भाड्याची खोली मागताना आडनाव विचारणारे मालक अद्याप आहेत; आणि पोलीस म्हटल्यावर ‘भाडे थकवील, खोली सोडणार नाही’ म्हणून दार लावणारेही आहेत. अंगावर सरकारचा गणवेश आला म्हणून कपाळावरची जात पुसली जाते, या भ्रमात आमच्या पोरांनी राहू नये.

आमच्या चळवळीच्या थोर माणसांना हे वर्म ठाऊक होते. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९०१ मध्ये, कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले होते. आधी निवारा, मग नोकरी! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले, ते तर सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली, एका पंगतीला बसविणारे. परमुलखात पोलिसाची चाकरी करणाऱ्या शिखांचाही धडा घ्यावा. १८६७ पासून पंजाबातले शीख हाँगकाँगच्या पोलिसांत जाऊ लागले, पुढे शांघायलाही गेले. जेथे गेले तेथे त्यांनी वर्गणी करून गुरुद्वारा उभारला. हाँगकाँगचा १९०१ मधला. नव्या माणसाला तेथे भाकरी आणि आसरा. नांदेडला लंगरात जेवलेल्या आमच्या वाचकांना ही रीत निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

मग आम्हांला काय अडचण आहे? जयंत्यांच्या मिरवणुकांना वर्गणी जमते, मंगल कार्यालयांना जमते, देवळाच्या कळसाला जमते. वैजापूर, गंगापूर, सिल्लोड, पैठण, प्रत्येक तालुक्याने कल्याणला एक खोली घ्यावी. कल्याण म्हणण्याचे कारण, आमच्याकडची देवगिरी एक्स्प्रेस तेथे थांबते आणि भाडे मुंबईपेक्षा उतरते असते. भरतीला जाणाऱ्यास तेथे मुक्काम, नव्याने लागलेल्यास लाईनीतली खोली मिळेपर्यंत सहा महिने आसरा. खर्च नोकरीस लागलेल्यांनी दरमहा उचलावा. ज्याला काल कोपरा मिळाला, त्याने आज दुसऱ्याचा कोपरा भरावा. मात्र त्या खोलीच्या दारावर जातीचे नाव नको, तालुक्याचे पुरे.

आणि एक खोली मुलींची असावीच. तीस टक्के जागा स्त्रियांना राखीव आहेत. आमच्या शाळांतल्या मुली धावण्यात आणि गणितात मागे नाहीत. त्यांना अडवितो तो बापाचा एकच सवाल: ‘एकटी राहशील कुठे?’ हा सवाल खोटा नाही. पण मुलीला घरी बसविणे हे त्याचे उत्तर नव्हे. जागा करून देणे हे उत्तर आहे. सावित्रीबाईंच्या नावाने भाषणे करणाऱ्या पुढाऱ्यांनी एवढे केले तरी पुष्कळ झाले.

सरकारकडेही मागणे आहेच. नवे ठाणे मंजूर करताना शिपायांच्या खोल्यांचा खर्च त्याच कागदात धरला पाहिजे. परंतु सरकारच्या खोलीची वाट पाहत पोर पुलाखाली निजू नये, एवढे तर आपल्या हाती आहे.

तेव्हा शेतकरी आणि कारागीर बंधुभगिनींनो, पुढच्या जाहिरातीच्या वेळी अर्ज दुकानात नव्हे, घरात बसून भरा. आईला विचारा, लग्न झाले असेल तर बायकोला आधी विचारा, कारण दहा बाय सोळाच्या खोलीत दिवस तिला काढावयाचा आहे. आपल्या जिल्ह्यात जागा थोड्या असतील तर वर्षभर अधिक तयारी करून येथेच लागणे बरे, की मुंबईस लवकर लागणे बरे, याचा दोन्ही अंगांनी विचार करा. मुंबईस जाणे वाईट असे आम्ही म्हणत नाही. जावे, खुशाल जावे. पण कोठे उतरायचे, कोठे राहायचे, लेकरे कोणत्या शाळेत घालायची आणि शेवटी परत कोठे यायचे, हे ठरवून जावे.