एक ताट माझंही

परवा दिंडोशीच्या सत्र न्यायालयात जाणं झालं. आमच्या महिला मंडळाकडे मदतीला आलेली एक मुलगी, वय जेमतेम तिशीचं, पदरात एक लेकरू. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तिला खालच्या कोर्टात पोटगी मंजूर झाली होती. नवऱ्याने त्यावर अपील केलं, म्हणून ही फेरी. वकीलबाई होत्याच, मी आपली सोबतीला. अशा वेळी बाजूच्या बाकावर ओळखीचं माणूस असलं की जिवाला आधार वाटतो, एवढंच माझं काम.

आटोपून बाहेर आलो तेव्हा दीड वाजून गेला होता. ऊन मी म्हणत होतं. मुलीचा चेहरा पांढराफटक पडलेला. विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस का गं?" म्हणाली, "चहा घेतला होता." म्हटलं, चल, आधी दोन घास खाऊन घेऊ. तर ती जागची हलेना. "नको ताई, घरी जाऊन खाईन." घर म्हणजे तिच्या भावाची खोली, तिथे पोचायला आणखी दीड तास.

मी आग्रह धरला तेव्हा हळूच म्हणाली, "त्यांच्या कागदात लिहिलंय ना, मी घरी रांधत नाही, बाहेर हॉटेलात खात सुटते. आता कुणी बघितलं तर?"

मैत्रिणींनो, मी गप्पच झाले. ज्या बाईने आठ वर्षं दोन वेळचं रांधून घातलं, तिच्यावर आरोप काय, तर ती बाहेर खाते! आणि तो आरोप तिच्या मनात इतका खोल रुतलेला की भुकेने पाय लटपटत असतानाही खुर्चीवर बसून जेवायची तिला भीती वाटत होती.

तिला हाताला धरून मी बसडेपोच्या दिशेने निघाले. एका गल्लीत छोटी खाणावळ आहे. सहा टेबलं, भिंतीवर फळा, फळ्यावर खडूने लिहिलेले त्या दिवशीचे पदार्थ आणि भाव. दोन पोळ्या, मटकीची उसळ, कोबीची भाजी, वरणभात, लोणचं, ऐंशी रुपये. बुधवारी-शुक्रवारी मासे. गल्ल्यावर एक मावशी, आतल्या गॅसवर पोळ्या भाजणारी त्यांची सून. 2022 साली मेट्रो सुरू झाल्यापासून दुपारी गर्दी वाढली म्हणतात. रिक्षावाले, कोर्टातले कारकून, चित्रनगरीत रोजावर काम करणारी पोरं असे सगळे तिथे दिसतात.

आता माझी एक कबुली. या खाणावळीवरून मी कित्येक वर्षं जा-ये करते आहे. उशीर झाला की तिथली उसळ पार्सल घेते. पण आत बसून जेवले मात्र कधीच नव्हते. का? कुणी अडवलं होतं? कुणीच नाही. पण एकट्या बाईने टेबलाशी बसायचं, ताट मागवायचं आणि निवांत जेवायचं, हे मनातच येत नव्हतं. पार्सल घरच्यांसाठी असतं, म्हणून ते चालतं. ताट स्वतःसाठी असतं, तिथेच घोडं अडतं.

त्या दिवशी मात्र बसलो. मुलगी म्हणाली, "आपण एकच ताट घेऊ, अर्धं अर्धं." मावशींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि दोन ताटं आणून ठेवली. पहिली पोळी संपते न संपते तोच तव्यावरची दुसरी आली. मग तिसरी घेऊन मावशी स्वतः उभ्या. "घे गो, आणखी एक घे. पैसे नाही लावत त्याचे." मुलीने मान खाली घातली. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, 'आणखी एक घे' असं मला कुणी म्हणून किती वर्षं झाली असतील."

आपल्यातल्या किती जणींना हे लागू पडेल? आपण सगळ्यांना गरम पोळी वाढतो आणि शेवटची गार पोळी आपल्या ताटात येते. त्याबद्दल तक्रार करावी असंही कधी वाटत नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं.

गंमत बघा, महाराष्ट्रातल्या खाणावळींचा इतिहासच मुळी बायकांच्या हातांनी लिहिलेला आहे. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले एकटे कामगार जेवायचे ते खाणावळवाल्या बायकांकडे. माझी एक आत्या लालबागला पंधरा-वीस मेंबर जेवायला ठेवायची. पाळी बदलली की जेवणाच्या वेळा बदलायच्या. पहाटे चारला चूल पेटायची, रात्री अकराला विझायची. महिनाअखेर पैसे मिळायचे, तोवर किराणा उधारीवर. आई सांगते, आत्या कधी बसून जेवलेली तिने पाहिलीच नाही. मोरीच्या कडेला उभ्याने दोन घास, की पुढची पंगत.

अशा बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. प्रेमाताई गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत रुजलेल्या. त्यांनी खाणावळवाल्यांचे गट केले, बँकेची कर्जं मिळवून दिली. रांधणं हेही काम आहे, त्यालाही पत असते, हे बँकांना पटवून द्यावं लागलं! 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मेंबरांचे पगारच थांबले. उधारीवर चालणाऱ्या खाणावळींचं कंबरडं मोडलं. आत्याचीही बंद झाली. पण संपाच्या पहिल्या महिन्यांत तिने कुणाला उपाशी परत पाठवलं नाही, हे आई आजही अभिमानाने सांगते.

स्वस्त ताट सरकारनेही दिलं. 1995 नंतर एक रुपयात झुणका-भाकर आली. 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली, पाठोपाठ आलेल्या टाळेबंदीत ती पाच रुपयांना झाली. कितीतरी केंद्रं बचत गटांच्या बायकांनी चालवली. पण ओट्यामागे बाई आणि टेबलाशी पुरुष, हे चित्र फारसं बदललं नाही.

त्या संध्याकाळी नणंदेच्या मुलीचा फोन आला. ती अमेरिकेत सिॲटलला असते. दुपारची हकीगत तिला सांगितली तर म्हणाली, "मामी, अगदी अशीच जागा माझ्या घराजवळ आहे. फक्त तिथे उसळीऐवजी तेरियाकी मिळते." तेरियाकी म्हणजे काय, तर जपानी पद्धत. सोया सॉस आणि साखरेच्या घट्टसर रसात कोंबडीचे तुकडे चकाकी येईपर्यंत भाजायचे. जपानीत 'तेरी' म्हणजे चकाकी आणि 'याकी' म्हणजे भाजणं. सोबत भाताचा ढीग आणि कोबीची कोशिंबीर. तोशी कासाहारा नावाच्या जपानी गृहस्थांनी 1976 साली सिॲटलमध्ये असं पहिलं छोटं दुकान काढलं. पुढे गल्लोगल्ली अशी दुकानं झाली, त्यांतली बरीचशी कोरियातून आलेल्या कुटुंबांनी चालवली. थोडक्यात, परगावाहून आलेल्यांनी परगावाहून आलेल्यांसाठी रांधलेलं, खिशाला परवडणारं, पोटभर जेवण. आपल्या गिरणगावापेक्षा काय वेगळं?

भाची पुढे म्हणाली ते मला महत्त्वाचं वाटलं. लग्न होऊन ती तिथे गेली तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर होती, नोकरी करायची परवानगी नव्हती, गाडी चालवता येत नव्हती. दिवसभर घरात एकटी. एके दुपारी चालत त्या दुकानात गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटीने बसून जेवली. काउंटरवरच्या कोरियन बाईला हिचं इंग्रजी कळेना, हिला तिचं. पण पुढच्या वेळी तिने न सांगता भात जास्त वाढला. "मामी, त्या परक्या गावात माझी पहिली ओळखीची जागा ती होती," ती म्हणाली.

ओळखीची जागा! मला वाटतं, मुद्दा नेमका हाच आहे. घराबाहेर पडलेल्या बाईला घाबरं न होता टेकता येईल, पोटभर खाता येईल अशी एखादी जागा हवी. मुंबईत निदान शोधली तर सापडते. तालुक्याच्या गावी काय परिस्थिती आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तहसील, बँक, दवाखाना, लेकीच्या कॉलेजचा प्रवेश, अशा कामांना जाणं त्यामुळे सोपं झालं. पण सकाळी सातला निघालेली बाई संध्याकाळी परतते ती बहुधा उपाशीच. स्टँडबाहेरच्या हॉटेलात पुरुषांची गर्दी, आणि 'फॅमिली रूम' म्हणजे मागचा अंधारा कोपरा नाहीतर पडदा लावलेला खण. जाऊ दे, घरी जाऊन खाऊ, म्हणत ती शेंगदाण्याच्या पुडीवर दिवस काढते. पाणीसुद्धा बेताने पिते, कारण स्वच्छतागृह कुठे असेल याचा भरवसा नसतो. मग डोकं दुखतं, चक्कर येते, आणि आपण म्हणतो पित्त झालं!

काही जणी म्हणतील, बाहेरचं खाणं तब्येतीला बरं नाही, आणि पैसे काय झाडाला लागतात? बरोबर आहे. दर रविवारी हॉटेलात जा, असं मी सांगत नाहीच. डबा नेता आला तर उत्तमच. पण तो डबा खायलासुद्धा जागा लागते ना? आणि ज्या दिवशी डबा झाला नाही, त्या दिवशी उपाशी राहणं हा बाईचा सद्गुण कसा ठरतो? घरचा पुरुष तालुक्याला गेला की खाऊन येतोच. त्याला कुणी विचारत नाही. बाईने खाल्लं तर मात्र "बाहेर खाल्लंस?" हा प्रश्न येतो, आणि त्या मुलीच्या बाबतीत तर तो थेट कोर्टाच्या कागदापर्यंत गेला.

ज्यांच्या गावात बचत गट आहेत त्यांनी यावर जरूर विचार करावा. पापड-लोणच्यांच्या पलीकडे जाऊन स्टँडजवळ, तहसीलजवळ चार टेबलांची खाणावळ चालवता येणार नाही का? फळ्यावर भाव लिहिलेले, टेबलं पुढच्या उजेडात, मागे स्वच्छ संडास आणि पिण्याचं पाणी, एवढं असलं तरी बायका येतील. आणि ज्यांची हॉटेलं आहेत त्यांनी तो पडदा तेवढा काढावा. बाई जेवते आहे, ही लपवायची गोष्ट नाही.

आमच्या याच दिंडोशीत मृणालताई गोरे यांच्या पुढाकाराने नागरी निवाऱ्याची वसाहत उभी राहिली. महागाईविरुद्ध 1972 साली मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. ते भांडण घरातल्या सगळ्यांच्या ताटासाठी होतं. मी आज बोलते आहे ती त्यातल्या एकाच ताटाबद्दल, जे आपण नेहमी शेवटी वाढून घेतो.

त्या दुपारी जेवण झाल्यावर मी पर्स उघडली, तर मुलीने माझा हात धरला. ती एका पॅकिंगच्या कारखान्यात कामाला लागली आहे. रुमालाची गाठ सोडून तिने ऐंशी रुपये मोजून मावशींच्या गल्ल्यावर ठेवले. "माझ्या ताटाचे मीच देणार, ताई," म्हणाली. मावशींनी ते शांतपणे घेतले आणि विचारलं, "पुढची तारीख कधी? त्या दिवशी बुधवार असला तर बांगडा असतो."

मुलगी हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

पुढच्या तारखेला आम्ही तिथेच जेवणार आहोत. मधल्या दिवसांत मी एकदा एकटीच जाऊन बसणार आहे. तुम्हीही कामाला बाहेर पडाल तेव्हा उपाशी परतू नका. खुर्ची ओढा, बसा, आणि एक ताट स्वतःसाठी मागवा.