विश्लेषण : फोम बसवला, पण झाकला का? गाळ्यात आणि गच्चीवर उघड्या राहणाऱ्या थराचा धोका

एप्रिल-मे महिन्यांत पत्रा तापला की पुण्याच्या मार्केट यार्डात गाळ्यातला माल आणि माणूस दोघेही हैराण होतात. शेजारच्या गुलटेकडी, बिबवेवाडीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची गतही वेगळी नसते. त्यावर उपाय म्हणून पत्र्याला आतून पफचा फवारा मारला जातो, शीतखोलीच्या भिंतींना थर्माकोल लावला जातो किंवा गच्चीवर फोमच्या शीट अंथरल्या जातात. गारवा जाणवतो आणि कंत्राटदाराचे बिल चुकते होते. फोम मात्र अनेकदा तसाच उघडा राहतो. असे काम अर्धवटच समजले पाहिजे.

फोम नेमके काय करतो?

फोममध्ये प्लॅस्टिक थोडे आणि बारीक पोकळ्यांत अडकलेली हवा किंवा वायू जास्त असतो. थर्माकोलचा सुमारे 98 टक्के भाग हवाच असते. ही अडकलेली हवा उष्णतेला पुढे सरकू देत नाही. त्यामुळे 50 मिलिमीटर जाडीचा चांगला फोम जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीटचा स्लॅब सुमारे दोन मीटर जाड लागेल. निवासी इमारतींसाठी केंद्राने 2018 मध्ये आणलेल्या ‘इको निवास संहिते’तही छतातून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा घालून दिली आहे. म्हणजे फोम वापरण्यात चूक काही नाही. चूक होते ती तो उघडा ठेवण्यात.

उघडा राहिला तर काय बिघडते?

अमेरिका, कॅनडाच्या थंड भागांत घराच्या पायालाही बाहेरून फोमची शीट लावतात. जमिनीखालचा भाग मातीत सुरक्षित राहतो, पण जमिनीच्या वर डोकावणारी पट्टी आधी खराब होते. म्हणून तिच्यावर जाळी बसवून सिमेंटचा लेप देतात किंवा फायबर सिमेंटची शीट ठोकतात. पुण्यात घराच्या पायाला फोम लावण्याची गरज नाही. इथे उष्णता डोक्यावरून येते. मात्र फोमचे शत्रू दोन्हीकडे तेच आहेत.

पहिला शत्रू ऊन. अतिनील किरणांनी फोमचा पृष्ठभाग पिवळा पडतो आणि त्याची भुकटी होऊ लागते. ती वारा-पावसाने झडली की खालचा ताजा थर उघडा पडतो. दुसरा शत्रू पाणी. भेगांतून ओल शिरली की फोमची उष्णता अडवण्याची ताकद घटते आणि मागचा पत्रा गंजतो. तिसरा शत्रू उंदीर-घुशी आणि मुंग्या. फोम त्यांचे अन्न नाही, पण पोखरून घर करायला त्यांना तो सोयीचा पडतो. त्यातच क्रेटचा आणि हातगाडीचा रोजचा धक्का बसला की भिंतीचा खालचा हातभर भाग आधी जातो.

आगीचा धोका किती?

सर्वांत गंभीर मुद्दा हाच आहे. उघडा पफ पेटला की ज्वाळा पृष्ठभागावरून झपाट्याने पसरतात. दाट काळा धूर होतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. अशा आगीत भाजण्याआधीच माणूस धुराने कोसळू शकतो. दक्षिण कोरियातील इचॉन येथे जानेवारी 2008 मध्ये शीतगृहाच्या आगीत 40 जण मृत्युमुखी पडले. तिथेही युरेथेन फोम होता. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये 20 फेब्रुवारी 2003 रोजी एका नाइट क्लबच्या भिंतीवरील उघड्या फोमने पेट घेतला आणि 100 जणांचा जीव गेला.

पुण्यालाही हा विषय नवा नाही. मांजरी येथे सीरम इन्स्टिट्यूटच्या इमारतीला 21 जानेवारी 2021 रोजी लागलेल्या आगीत पाच कामगारांचा मृत्यू झाला. ज्वलनशील इन्सुलेशन साहित्यामुळे आग भडकल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी प्राथमिक माहितीच्या आधारे सांगितले होते.

‘आमचा फोम फायर रिटार्डंट आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. असा फोम लहान ठिणगीला काही काळ दाद देत नाही, पण मोठ्या आगीत तोही जळतो.

झाकायचे कशाने?

गच्चीवर फोमच्या शीटवर वेगळा पडदा अंथरून, जाळी घालून, उताराचा सिमेंटचा कोबा आणि त्यावर फरशी किंवा चायना मोझॅक करावे. फवारलेल्या पफवर किमान ऊन रोखणारे कोटिंग हवे आणि ते काही वर्षांनी पुन्हा मारावे लागते. असे कोटिंग उन्हापासून वाचवते, आगीपासून नाही.

भिंतीवरच्या फोमवर साधे प्लास्टर टिकत नाही. आधी पिवळी भुकटी घासून काढावी, मग फायबरची जाळी आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरचे दोन हात द्यावेत. थर्माकोलवर थिनर असलेला ऑइलपेंट लावू नये. त्याने थर्माकोल विरघळतो.

गाळ्याच्या किंवा खोलीच्या आत आग रोखणारे आवरणच हवे. अमेरिकेच्या नियमांत त्यासाठी साधारण 12.7 मिलिमीटर जाडीचा जिप्सम बोर्ड किंवा तितकेच संरक्षण देणारे साहित्य सांगितले आहे, म्हणजे 15 मिनिटांचा आडोसा मिळतो. फळे पिकवण्याच्या दमट खोलीत जिप्सम लवकर खराब होतो. तिथे सिमेंट बोर्डचा विचार करावा. तयार पफ पॅनेलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, पण पाइप आणि वायरसाठी पाडलेल्या भोकांत फोम उघडा पडतो. ती भोके आग रोखणाऱ्या सीलंटने बुजवावीत. फोमजवळ वेल्डिंग टाळावे.

जबाबदारी कोणाची?

झाकण्याने खर्च वाढतो, हे खरे. म्हणूनच कमी दराच्या कोटेशनमध्ये ते काम बहुधा नसते. पण उघडा फोम झडला की पहिला खर्चही वाया जातो, आणि आग लागलीच तर हिशेब पैशांचा राहत नाही. पहाटे माल उतरवणाऱ्या हमालाने त्या कोटेशनवर सही केलेली नसते, पण धूर त्याच्याच छातीत जातो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार मालकाला किंवा भोगवटादाराला दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. सिलिंडर आणि पाण्याच्या पाइपांबरोबर त्या पाहणीत उघड्या फोमचीही नोंद व्हायला हवी. बाजार समितीने गाळ्यांसाठी आणि सोसायट्यांनी गच्चीसाठी ही अट घालायला कायदा बदलण्याची वाट पाहायची गरज नाही.

तोवर एवढे तरी करता येईल. फोमवरून बोट फिरवा. बोटाला पिवळी भुकटी लागली, तर आवरणाचे काम राहिले आहे असे समजा. नवे काम देताना आवरण कोणते, किती जाड आणि कोणाच्या खर्चाने, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. ते बसल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.