चौकटीचे लाकूड कुठले?

आज १ जुलै. वनमहोत्सवाचा सप्ताह आजपासून सुरू होतो आणि १९९८ साली याच तारखेला धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा आपला वर्धापनदिनही आजच साजरा करतो. नवापूर तालुक्यातल्या खांडबारा परिसरात मुले रोपे लावतील तेव्हा त्याच रस्त्यांच्या कडेला घरकुलांची जोती वर येत असतील. लावायचे झाड आणि बांधायचे घर यांचे नाते मात्र या सोहळ्यात कुणी काढत नाही. आम्हाला आज त्याबद्दलच बोलायचे आहे.

नवापूर तालुका हा सागाचा मुलूख. इथले एखादे जुने घर आत जाऊन पाहावे. जमिनीत रोवलेली सागाची मेढ, तिच्या बेचक्यात बसलेले आढे, त्यावर वासे, वर कौले. भिंत म्हणजे बांबूचा कूड, दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपलेला. मेढीवरून हात फिरवला तर तासणीच्या खुणा अजून बोटांना लागतात. धुराने लाकूड काळे पडलेले असते, पण नखाने खरवडले की आत तोच तेलकट तपकिरी गाभा. या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. ती खाते बाहेरची पांढरी कड. कोवळ्या सागात कडच जास्त असते. नव्वदच्या दशकात सागाच्या रोपांत पैसे गुंतवा, वीस वर्षांत श्रीमंत व्हा, असे सांगणाऱ्या जाहिरातींना अनेक घरे भुलली. त्या जाहिरातींत या गाभ्याचा हिशेब नव्हता. पक्के इमारती लाकूड व्हायला सागाला पन्नास-साठ वर्षे द्यावी लागतात.

असा साग इथून गेला कुणाच्या घरासाठी? शेजारच्या डांगचे जंगल इंग्रजांनी १८४२ पासून भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतले, ते जहाजांना साग हवा होता म्हणून. पुढे ठेकेदार आले. आदिवासी शेतकऱ्याच्या बांधावरचा साग कवडीमोलाने लुटला जाऊ नये म्हणून महाराष्ट्राला १९६९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. तरीही जंगल तुटल्याची चर्चा निघाली की पहिले बोट डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईकडे जाते. हा अन्याय आहे.

जंगल वाचवायचे तर लाकूड वापरूच नका, असेही धोरण आपण करून पाहिले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये इमारतींत लाकूड वापरण्यास मनाई केली; ती उठली २०२० मध्ये. मधल्या काळात चौकटी लोखंडाच्या झाल्या, खिडक्या ॲल्युमिनियमच्या. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. उलट वाळलेल्या लाकडाच्या वजनातला जवळपास निम्मा भाग हवेतून घेतलेल्या कार्बनचा असतो आणि मेढ उभी आहे तोवर तो घरातच राहतो. प्रश्न झाड तोडण्याचा नाही. कुठले तोडले, किती तोडले, त्या जागी काय उगवू दिले आणि पैसा कुणाला मिळाला, याचा आहे.

बांबूने याचे उत्तर दिले आहे. वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला आणि एप्रिल २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या हाती स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना आला. सागाला मात्र या कायद्याने बाहेर ठेवले. जंगल राखणाऱ्या गावाला त्या जंगलातली एक मेढही हक्काने मागता येत नाही. आमचे म्हणणे स्पष्ट आहे: वनविभागाच्या डेपोतल्या शिक्क्याच्या मालावर पहिला हक्क त्याच तालुक्यातल्या घरकुलांचा असावा, आणि तोही लिलावाच्या भावाने नव्हे.

तोवर बांबू आहे. या दिवसांत बेटात कोंब वर येत असतात, म्हणून आता कोयता लावायचा नाही. पाऊस सरल्यावर तीन वर्षे पुरी झालेली काठी तेवढी काढायची आणि कोवळी राखायची. भुंगा लागतो तो बांबूतल्या पिठूळ अंशाला. म्हणून जाणती माणसे काठ्या वाहत्या पाण्यात काही आठवडे भिजत घालतात. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवला तर बांबू घराचे छत वर्षानुवर्षे पेलतो. किमान २५ चौरस मीटरच्या घरकुलाला असे छत सहज शोभेल. इंजिनिअरच्या नकाशात मात्र त्याला जागा हवी.

आणखी एक विनंती, जुने घर उतरवणाऱ्या प्रत्येकाला. जुन्या सागावर नजर असणारे व्यापारी असे घर उतरताना हजर असतात आणि मेढी-आढ्यांचा ढीग पडत्या भावात उचलून नेतात. तो देऊ नका. आजोबांनी रोवलेली मेढ सुताराकडे न्या, तिच्यातून नव्या दाराची चौकट निघते. करवत काळ्या थराखाली उतरली की भुसा सोनेरी पडतो आणि इतक्या वर्षांनंतरही ताज्या सागाचा तो चामड्यासारखा वास अंगणभर पसरतो.