बेटावर जायचे, पण कोणत्या?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका मैत्रिणीने मला मोबाईलवर एक जाहिरात दाखविली. निळाशार समुद्र, पांढरी वाळू, त्या वाळूवर गुडघे टेकून बसलेली आमच्याच वयाची एक मुलगी आणि तिच्या तळहातावर कासवाचे पिल्लू. खाली मजकूर होता : 'परदेशातील बेटावर वन्यजीव संवर्धनाची इंटर्नशिप. चार आठवडे. प्रमाणपत्र मिळेल.' त्या रात्री मी ती जाहिरात चार-पाच वेळा तरी उघडून पाहिली असेल. लोणंदच्या बाहेर मी फारशी गेलेली नाही. पुणे दोनदा, पंढरपूर एकदा. समुद्र तर अजून पाहिलेलाच नाही. त्यामुळे मन भुलले, यात नवल ते काय?

जाहिरातीच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत शुल्क लिहिले होते. विमानाचे भाडे वेगळे. मी हिशेब मांडला. त्या रकमेत आमच्या घरचे वर्षभराचे वाणसामान, माझी फी आणि धाकट्या भावाची वह्या-पुस्तके भागून वर चार पैसे उरले असते. आमचे दादा कांदा मार्केटमध्ये हमाली करतात, आई हंगामात कांदा निवडायला जाते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. दुसऱ्या दिवशी जेवताना मी सहज म्हणून विषय काढला. दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शिक्षणाचंच हाय न्हवं? मग म्हस इकू." आई काहीच बोलली नाही, तिने तव्यावरची भाकरी तेवढी परतली.

त्या एका वाक्याने माझी झोप उडविली, आणि त्या वाक्यानेच मला हा लेख लिहायला लावले. म्हैस विकून जावे असे त्या बेटावर आहे तरी काय, हे मला शोधावेसे वाटले.

विद्यार्थी मित्रांनो, सुरुवातीलाच सांगते, परदेशी जाण्याला माझा विरोध नाही. बेटांवर वन्यजीव रक्षणाचे जे काम झाले आहे ते खरोखर थक्क करणारे आहे. मॉरिशसचेच उदाहरण घ्या. १५९८ मध्ये डच खलाशी या बेटावर उतरले. तेथे डोडो नावाचा, उडता न येणारा, माणसाला न भिणारा पक्षी होता. शंभर वर्षांच्या आत तो पृथ्वीवरून नाहीसा झाला. माणसाने मारला तो वेगळाच. जहाजांतून उतरलेले उंदीर, डुकरे आणि माकडे यांनी त्याची अंडी-पिल्ले फस्त केली. बेटावरच्या जिवाला पळून जायला दुसरी जागा नसते, हेच त्याचे दुर्दैव.

त्याच मॉरिशसमध्ये एक छोटा ससाणा आहे. जंगलतोड, डीडीटीची फवारणी आणि आपल्या भारतातून तेथे नेलेले मुंगूस या सर्वांनी मिळून त्याची अशी दशा केली, की १९७४ साली रानात त्याचे अवघे चार पक्षी उरल्याची नोंद आहे. चार! आमच्या आळीत यापेक्षा जास्त कोंबड्या असतात. १९७९ मध्ये कार्ल जोन्स हा वेल्समधला तरुण तेथे गेला. पक्ष्याने घातलेली पहिली अंडी काढून घ्यायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. काढलेली अंडी उबवून पिल्ले हाताने भरवायची. रानातल्या जोड्यांना वरून खाद्य द्यायचे, घरट्यांसाठी पेट्या टांगायच्या, मुंगूस-उंदरांचा बंदोबस्त करायचा. वर्षानुवर्षे हे चालले, तेव्हा चाराचे शेकडो झाले. गुलाबी कबुतराचेही तसेच. १९९०च्या सुमारास रानात ते दहाच्या घरात आले होते. आज ते काही शेकडे आहेत.

हे वाचताना दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. पहिली म्हणजे हे काम फोटोतल्यासारखे नाही. पिंजरे धुणे, तण उपटणे, सापळे तपासणे, वजन करून वहीत लिहिणे, आणि उद्या पुन्हा तेच. ज्या घरांत जनावरे आहेत त्या घरांतल्या मुलांना हे शिकवावे लागणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कार्ल जोन्स चार आठवड्यांत परत आला नाही. त्याने आपली उमर तेथे घातली. चार आठवड्यांत बेटाला आपण काय देणार? पाहुणा आला की घरच्यांनाच त्याची उठबस करावी लागते.

आता इंटर्नशिप या शब्दाकडे वळू. आपल्याकडे याला जुना शब्द आहे : उमेदवारी. माझा चुलतभाऊ गॅरेजमध्ये उमेदवारी करीत होता. दोन वर्षे पाने उचलून दिले, ग्रीसने हात काळे केले. पगार नव्हता; पण चहा आणि वडापाव मालक देत असे, आणि शिकल्यावर कामावर ठेवले. उमेदवाराने उस्तादालाच महिन्याच्या महिन्याला पैसे मोजायचे, असे आमच्याकडे कोणी ऐकलेले नाही. राबणार आपण आणि पैसे देणारही आपणच! मग ती उमेदवारी कसली? ती सहल आहे. सहलीलाही माझी ना नाही. फक्त तिला सहल म्हणावे.

कोणी म्हणेल, संस्थांना खर्च असतो, बोट लागते, डिझेल लागते, पाहुण्यांच्या पैशावरच पाखरे जगतात. हे म्हणणे खोटे नाही. परंतु या पद्धतीचा एक परिणाम होतो, त्याकडे कोणी पाहत नाही. ज्याच्या बापाकडे पैसा आहे त्याला अनुभवाचे प्रमाणपत्र मिळते. पुढे नोकरीच्या वेळी विचारतात, 'अनुभव आहे का?' तेव्हा तो कागद पुढे करतो आणि हमालाची पोर मागे राहते. म्हणजे रानाचे राखणदार कोण होणार, हे रानावरच्या मायेने ठरत नाही, ते खिशावरून ठरते. ही माझी खरी तक्रार आहे.

मॉरिशसबद्दल वाचताना आणखी एक गोष्ट समोर आली आणि मी पुस्तक मिटून बसले. १८३४ पासून या बेटावर उसाच्या मळ्यांत राबायला हिंदुस्थानातून मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसेही होती. करारावर अंगठा उठविला आणि समुद्र ओलांडला. त्यांची नातवंडे-पतवंडे आजही तेथे आहेत, मराठी तेथे शाळांतून शिकविली जाते. ते ज्या धक्क्यावर उतरले, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. म्हणजे आमच्या मुलखातली गरीब माणसे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच बेटावर कामाला गेली होती! त्यांना तुटपुंजी का होईना, मजुरी मिळत होती. आज त्यांच्याच मुलखातल्या मुलीने बेटावर काम करायचे तर मजुरी तिनेच द्यायची. काळ बदलला म्हणतात, तो असा.

असो. नुसती तक्रार करून काय होणार? बेटे आपल्याकडे नाहीत काय? वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यासमोर भर समुद्रात खडकाळ बेटे आहेत. तेथील गुहांत पाकोळ्या घरटी करतात. ही घरटी त्या स्वतःच्या लाळेने बांधतात, आणि त्या घरट्यांचे सूप पूर्वेकडच्या देशांत मोठ्या किमतीला विकले जाते. हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या पाखरांवर लिहून ठेवले होते. पुढे चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००१ च्या सुमारास तेथे जाऊन पाहिले, तेव्हा घरट्यांची चोरी चालू असल्याचे आढळले. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उजेडात आणली आणि राखणीचे काम हाती घेतले. त्याच संस्थेने २००२ पासून मंडणगड तालुक्यातील वेळास गावी समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पूर्वी ही अंडी कोल्हे-कुत्रे खात आणि माणसेही नेत. आता गावकरी पहाटे किनारा फिरतात, अंडी उचलून कुंपणात पुन्हा पुरतात, पन्नासएक दिवसांनी पिल्ले बाहेर आली की समुद्राकडे सोडतात. पाहायला आलेले लोक गावातल्या घरांत उतरतात, तेथेच जेवतात. पैसे तेही देतात. पण ते गावच्या चुलीपर्यंत पोचतात, आणि त्याला कोणी इंटर्नशिप म्हणत नाही.

वेळासला जायचे तर लोणंदहून महाबळेश्वरचा घाट चढून पोलादपूरला उतरायचे. एसटीने दिवस मोडतो, पण म्हैस विकावी लागत नाही.

आणि समुद्रच कशाला हवा? सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर पाहा. उजाड डोंगरावर झाडे लावून, कुंपण घालून, हरणे-सांबर आणून सोडून माणसांनी ते अभयारण्य उभे केले. धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचले, आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. चारी बाजूंनी उसाचा समुद्र आणि मध्ये हे रान. बेट म्हणजे आणखी वेगळे काय असते? डोडोला जसे पळायला जागा नव्हती, तसे तेथल्या हरणालाही नाही. कुंपणाबाहेर पाऊल टाकले की ते शेतकऱ्याच्या पिकात शिरते आणि शत्रू ठरते.

आता आमच्या उंबऱ्यावरची गोष्ट सांगते. लोणंदपासून जवळच नीरा नदीवर वीर धरण आहे. हिवाळ्यात तेथे हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, हे मला गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हते. आमच्या एका सरांनी चार-पाच मुलांना रविवारी तेथे नेले. मार्चमध्ये पाणी उतरू लागले तशी मधली उंच जमीन उघडी पडली. चहूकडे पाणी, मध्ये वाळू-खड्यांचा पट्टा. ते बेटच! त्यावर नदी सुरय या पाखरांनी घरटी केली. घरटी म्हणजे काय, वाळूत नुसता खळगा आणि त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी. दोन पावलांवरून दिसत नाहीत.

एका म्हाताऱ्या मच्छीमार मामांनी आम्हांला होडीतून लांबूनच ते दाखविले. म्हणाले, "पाणी आनखी उतरलं की रस्ता व्हतो, पोरी. मग कुत्री जात्यात." आणि तसेच झाले. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी बेटाला काठ जोडला गेला होता. वाळूत कुत्र्यांची पावले होती, पांढरी टरफले होती, आणि पाखरे वर ओरडत फिरत होती. कधी उलटेही होते, असे मामा म्हणाले. वरच्या भाटघर धरणातून आवर्तनाचे पाणी आले की पातळी चढते आणि घरटी बुडतात. मी त्या दिवशी वहीत एवढेच लिहिले : 'घरटी मोजलेली एकोणीस. आज एकही नाही.' आणि खरे सांगते, जाहिरातीतले ते कासव पाहून आले नव्हते ते पाणी त्या टरफलांपाशी डोळ्यांत आले.

ते बेट वर्षातून दोन महिनेच असते. त्याला नाव नाही, त्याची जाहिरात नाही. तेथे कुत्री येऊ नयेत म्हणून जोडरस्त्यावर दीड महिना पाळी लावून बसायला माणसे हवीत; एवढेच काम आहे. सात-आठ मुले पाळीपाळीने बसली तरी पुरेल. आवर्तनाच्या तारखा पाटबंधारे खात्याकडून आधी विचारून घेता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर आपण दरवर्षी घेतो. गावातले रस्ते झाडतो, फोटो काढतो, परत येतो. ते एखाद्या वर्षी वीरच्या काठावर का घेऊ नये? आणि विद्यापीठाने क्षेत्रकार्यासाठी गरीब विद्यार्थ्यांना प्रवासापुरते विद्यावेतन दिले, तर वेळास आणि वेंगुर्लेही आमच्या आवाक्यात येतील.

काही जण विचारतात, 'तू तर कला शाखेची, हे काम सायन्सवाल्यांचे.' मला हे पटत नाही. पाणी कधी चढते, पाखरे कोणत्या नक्षत्राला येतात, पूर्वी कोठे बसत, हे सारे त्या मामांच्या डोक्यात आहे, कोणत्याही पुस्तकात नाही. त्यांनी सांगितलेली पाखरांची बोलीतली नावे मी वहीत उतरवून घेते आहे. हे इतिहासाच्या विद्यार्थिनीचे काम नव्हे काय?

म्हैस विकलेली नाही. मी दादांना नको म्हणाले, तेव्हा ते काही बोलले नाहीत. पण त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः तिला पेंड घातली, एरवी ते आईचे काम. मॉरिशसला जाण्याची इच्छा मात्र मी सोडलेली नाही. कधीतरी जाईनच. जाईन तेव्हा तीन-चार उन्हाळ्यांच्या नोंदींची वही बरोबर नेईन, आणि तेथल्या माणसांना सांगेन की मलाही एक बेट राखता येते.

तोवर येत्या मार्चमध्ये रविवारी सकाळी आम्ही वीरला जाणार आहोत. ज्यांना यायचे त्यांनी भाकरी बांधून आणावी. प्रमाणपत्र मिळणार नाही.

— द्वितीय वर्ष कला